पंचनाम्यात घरं आली, इमारत राहिली

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

«नागपुरात आमची बारा गाळ्यांची फ्लॅट स्कीम नाग नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. मी निवृत्त शिक्षिका, सहा वर्षांपासून अपार्टमेंट असोसिएशनची सचिव. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि आमच्या पार्किंगमध्ये छातीइतकं पाणी आलं. मागच्या बाजूचे तळमजल्याचे दोन गाळे बुडाले. लिफ्ट, पाण्याची मोटर, मीटरचं पॅनल गेलं, मागचं वॉल कंपाउंड आडवं झालं. एकूण खर्च ४,४७,००० रुपये. सरकारकडून तळमजल्याच्या दोन कुटुंबांना प्रत्येकी १०,००० रुपये मिळाले, इमारतीला एक पैसा नाही. तीन सभासदांनी घरचे पैसे घालून काम उरकलं, ते अजून परत मिळाले नाहीत. तिसऱ्या माळ्यावरचे म्हणतात, आमच्या घरात पाणी आलंच नाही, आम्ही का द्यावं. पहिल्या माळ्यावरचे एक जण म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही. आणि दोघांचंही म्हणणं असं की, सरकारचे वीस हजार आधी सामाईक खर्चात जमा करा. तळमजल्याच्या काकू माझ्याशी बोलत नाहीत. अर्ज करण्यात माझीच काही चूक झाली का? पाऊस सुरू झाला की रात्री झोप लागत नाही.»

ताई,

आधी त्या वीस हजारांचं बोलू, कारण तुमच्या इमारतीतला अबोला तिथून सुरू झाला आहे. ते पैसे इमारतीचे नाहीत, कधीच नव्हते. पूर आला की सरकार कुटुंबाला जे सानुग्रह अनुदान देतं, ते कपडे आणि भांडीकुंडी गेली म्हणून देतं. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० अशी प्रति कुटुंब ५,००० रुपयांची तरतूद आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात राज्य सरकारने ती दुप्पट करून १०,००० केली, दुकानदारांना ५०,००० रुपयांपर्यंत आणि टपरीवाल्यांना १०,००० जाहीर केले. म्हणजे काकूंच्या हातात आलेली रक्कम गादीची, गॅसच्या शेगडीची, भिजून गेलेल्या गव्हाच्या कोठीची होती. त्यावर पाण्याच्या मोटरीचा हक्क लागत नाही.

आणि तारीख आठवा. २२ तारखेला घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. नागपुरात त्या दिवशी घर कसं भरलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको: पाहुणे, पंक्ती, वर्षातून एकदा बाहेर निघणारी भांडी, माहेरी आलेल्या मुलींची पातळं. काही तासांनी, पहाटेच्या अंधारात, हे सगळं चिखलात गेलं. ज्या घरात मखर पाण्यात तरंगलं, त्या घराला दहा हजार मिळाले म्हणून वरच्या माळ्यांनी हिशेब मागावा, हे मला फार लागलं. पुढच्या सभेत तुम्ही सचिव म्हणून एवढंच स्पष्ट सांगा की, हा विषय चर्चेचा नाही. सभेआधी काकूंच्या घरी एकदा जाऊन या. त्यांना तुमच्याकडून हे शब्द ऐकायचे असतील.

आता तुमच्या चुकीचं. इमारतीला पैसे मिळाले नाहीत, त्यात तुमचा दोष नाही. सरकारी मदतीच्या निकषांत इमारतीसाठी रकानाच नाही. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये. पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये. सार्वजनिक रस्ते, पाणीपुरवठ्याच्या योजना यांच्या तात्पुरत्या दुरुस्तीची तरतूद आहे, पण ती सरकारी आणि स्थानिक संस्थांसाठी. तुमची लिफ्ट कुणाचं घर नाही आणि सार्वजनिकही नाही. बारा जणांची मिळून असलेली वस्तू या दोन रकान्यांच्या मधल्या फटीतून खाली पडते. पंचनामा करणारा कर्मचारी दार वाजवतो आणि कुटुंबप्रमुखाचं नाव विचारतो. पार्किंगला दार नाही आणि कुटुंबप्रमुखही नाही, म्हणून तो पुढच्या घराकडे जातो.

ही अडचण एकट्या आपल्या देशाचीही नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्क झोडपलं, तेव्हा तिथल्या को-ऑप आणि कॉन्डोमिनियम, म्हणजे आपल्या सोसायटी-अपार्टमेंटसारख्या इमारतींतल्या लोकांना हाच अनुभव आला. तिथली संघराज्य आपत्ती यंत्रणा, फेमा, फ्लॅटच्या आतल्या नुकसानीसाठी रहिवाशाला मदत देऊ शकत होती. सगळ्यांचं मिळून असलेलं छप्पर, बॉयलर, लॉबी यांसाठी मात्र अनुदान नव्हतं. अशा इमारतीच्या संस्थेला लघुउद्योगांच्या सरकारी खात्याकडून कमी व्याजाचं कर्ज मागता येत होतं, तेवढंच. हा भेद काढून टाकावा म्हणून तिथल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत विधेयकंही मांडली. हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून सांगते आहे: ही भोक पडलेली चौकट आहे, एखाद्या सचिवाने अर्ज नीट न लिहिल्याचा परिणाम नाही.

तरीही दोन गोष्टी राहिल्या असाव्यात असं तुमचं पत्र वाचून वाटतं. पहिली, इमारतीचं नुकसान कुठल्याही कागदावर आलं नाही. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असलं तरी ते कागदावर यायला हवं. पुढच्या वेळी, आणि ती वेळ येऊच नये, पंचनाम्याला माणूस आला की असोसिएशनच्या लेटरहेडवर एक अर्ज तयार ठेवा: लिफ्ट, मोटर, मीटरचं पॅनल, भिंत, प्रत्येकाचं वेगळं नुकसान, भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचे फोटो, रेषेशेजारी टेप धरलेली. पंचनाम्याच्या शेऱ्यात तेवढं एक वाक्य लिहून घ्या. ते लिहायला तयार नसतील तर वाद घालू नका. तोच अर्ज तहसील कार्यालयात आणि मनपाच्या तुमच्या झोन कार्यालयात देऊन पोच घ्या. विमा कंपनी, न्यायालय, उद्या सरकारने धोरण बदललं तर सरकार, सगळे आधी हाच कागद मागतील. पोच नसेल तर पाणी आलंच नव्हतं असं म्हणायला कुणाला वेळ लागत नाही.

पार्किंगच्या कॉलमला तडा गेला असेल, पाया उघडा पडला असेल, तर मात्र ते नुकसान फक्त तळमजल्याचं नाही. ज्या खांबावर बारा घरं उभी आहेत तो बाराही घरांचा. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या आणि बाराही मालकांच्या नावाने घराच्या अंशतः नुकसानीचा अर्ज करा. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही, पण तिसऱ्या माळ्याचं घर खांबाशिवाय हवेत उभं नाही, हे तहसीलदारांना लेखी सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे.

दुसरी राहिलेली गोष्ट तुम्ही पत्रात एकाच ओळीत, जाता जाता लिहिली होती आणि मला ती वरच्या संक्षेपात घालता आली नाही. पार्किंगमधल्या खोलीत तुमचा चौकीदार, त्याची बायको आणि दोन मुलं राहतात. छिंदवाड्याकडची माणसं. त्यांच्या खोलीत छताला पाणी टेकलं, आणि त्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्यांचं रेशनकार्ड गावचं आणि पंचनाम्यात त्यांचं नावच नव्हतं. ताई, त्या रात्री तुमच्या इमारतीत सगळ्यात जास्त कुणाचं गेलं, तर त्यांचं. कपडे आणि भांड्यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाच्या नुकसानीसाठी असते. खोली कुणाच्या मालकीची, हा तिथे मुद्दा नाही. भाडेकरूंच्या बाबतीतही हाच घोळ होतो. घरमालक पुण्याला, भाडेकरू पाण्यात, आणि अर्जावर नाव मालकाचं. चौकीदाराचा आधार क्रमांक, त्याच्या बँक खात्याचं आधारशी जोडणं, आणि «हे कुटुंब अमुक वर्षापासून आमच्या इमारतीत राहतं» असं असोसिएशनचं पत्र, एवढं आजच करून फाईलला लावा. रहिवासाच्या पुराव्यावर अधिकारी अडतील कदाचित, पण नाव पंचनाम्यात गेलंच नाही तर अडण्यापर्यंतही गोष्ट जाणार नाही. आणि मागचं म्हणाल तर सरकारने दिले नाहीत ते दहा हजार तुम्ही बारा घरांनी मिळून देऊ शकता. प्रत्येकी हजारसुद्धा होत नाहीत.

आता ४,४७,००० चा प्रश्न. इथे कायदा तुमच्या बाजूने इतका स्वच्छ आहे की, मला आश्चर्य वाटतं, सभेत तो कुणी वाचूनच दाखवला नाही.

तुम्ही सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन आहात. नागपुरात बऱ्याच फ्लॅट स्कीम अशाच आहेत, आणि लोक सर्रास दोन्ही एकच समजतात. सोसायटीला १९६० चा सहकारी संस्था कायदा लागतो, तुम्हाला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. बिल्डरने नोंदवलेलं डिक्लरेशन डीड, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणणारा दस्त, शोधा. प्रत्येक गाळ्याच्या विक्रीपत्रातही ते असतं: जमिनीत आणि सामाईक भागांत त्या गाळ्याचा इतका टक्के अविभक्त हिस्सा. सामाईक खर्च याच टक्केवारीने वाटायचा असतो. सरसकट बारा भाग केले तर प्रत्येकी ३७,२५० येतात. पण गाळे लहानमोठे असतील तर ते चूक ठरेल आणि नेमक्या त्या चुकीवर बोट ठेवून एखादा सभासद पैसे थांबवेल. टक्केवारी काढा, तक्ता नोटीस बोर्डावर लावा.

याच कायद्यात लिहिलं आहे की, सामाईक भाग वापरत नाही म्हणून किंवा गाळा सोडून गेलो म्हणून कुणाचीही सामाईक खर्चातून सुटका होत नाही. पहिल्या माळ्यावरचे भाऊ लिफ्ट वापरोत न वापरोत, तिसऱ्या माळ्यावर पाणी चढो न चढो. अविभक्त हिस्सा याचा अर्थच तो आहे. गाळा विकताना हा हिस्सा बाजूला काढून ठेवता येत नाही, मग नुकसानीच्या वेळी कसा काढता येईल? पार्किंगमधली मोटर बंद पडली की पाणी वरच्या माळ्यालाच आधी मिळत नाही, हे एरवी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

थकबाकी वसूल करण्याचं बळही कायद्यात आहे. भरला न गेलेला सामाईक खर्च हा त्या गाळ्यावरचा बोजा ठरतो. सरकारी आणि पालिकेचे कर आणि पहिलं गहाण सोडलं तर तो बाकी सगळ्या बोजांच्या आधी येतो, आणि गाळा विकला तर मागची बाकी घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते. मात्र प्रकरण दाव्यात गेलं की वर्षं जातात. म्हणून मी म्हणेन, नोटीस जरूर द्या, पण हप्ते बांधून द्या. दोन वर्षांचे हप्ते देणारा शेजारी, दहा वर्षांच्या दाव्यातल्या शेजाऱ्यापेक्षा बरा. तीन सभासदांनी जे पैसे घातले ते असोसिएशनने घेतलेलं कर्ज आहे असा ठराव आधी करा, बिलं जोडा, रकमा इतिवृत्तात लिहा. नाहीतर उद्या त्यांच्या मुलांना ते पैसे मागताही येणार नाहीत. एवढ्या मोठ्या मनाने मध्यरात्री पैसे काढणारी माणसं इमारतीत आहेत, त्यांना उधारी मागणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका.

आता पुढचं. तुमची झोप परत यायची असेल तर ती इथून येईल.

सरकार इमारतीला देत नाही, हे एकदा मनाने मान्य केलं की उरतो तो विमा. तुमच्या पत्रात विम्याचा शब्दही नाही, म्हणजे तो नव्हता. अपार्टमेंट कायद्यात इमारतीच्या विम्यासाठी वेगळं कलम आहे. बहुसंख्य गाळेधारकांनी मागणी केली तर व्यवस्थापक मंडळाने तो घ्यावाच लागतो, आणि हप्ता सामाईक खर्चात धरला जातो. बहुसंख्य म्हणजे नुसती डोकी नव्हेत, डिक्लरेशनमधल्या टक्केवारीप्रमाणे ५१ टक्के मतं; तेवढ्यांच्या सह्या पुरे आहेत. असोसिएशनच्या नावाने इमारतीचा विमा घ्या आणि लिफ्ट, मोटर, मीटरचं पॅनल, वॉल कंपाउंड ही नावं पॉलिसीच्या परिशिष्टात शब्दशः लिहून घ्या. पुराचं पाणी त्यात धरलं आहे का, हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, पानावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

तळमजल्याच्या दोन्ही घरांनी मात्र स्वतःचा वेगळाही घ्यावा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे «भारत गृह रक्षा» नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की त्याच्या २० टक्क्यांइतकं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचंही संरक्षण आपोआप येतं. इमारतीचा विमा काकूंचं कपाट भरून देणार नाही, आणि काकूंचा विमा लिफ्ट दुरुस्त करणार नाही. दोन्ही लागतात.

एक छोटी सूचना, अनुभवाची. पाणी ओसरलं की आपल्याला पहिली घाई साफसफाईची होते. जळलेली मोटर भंगारवाल्याला देऊन टाकतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत काहीही हलवू नका. हलवावंच लागलं तर आधी फोटो, मग हलवा, आणि जुना भाग ठेवून द्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. बंद गाडी दुरुस्त होते, पाणी ओढलेलं इंजिन बहुधा बाद होतं. आणि लिफ्ट, कितीही कोरडी दिसली तरी, कंपनीच्या माणसाने तपासून लेखी दिल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.

मीटरचं पॅनल पुन्हा त्याच जागी बसवलं असेल तर मला फार वाईट वाटेल. बहुतेक इमारतींत तेच होतं, कारण केबल तिथपर्यंतच पुरते. २०२३ ची पाण्याची रेषा भिंतीवर अजून असेल. तिच्या हातभर वर पॅनल न्या. महावितरणकडे रीतसर अर्ज करावा लागेल, खर्च तुमचा. मोटर उंच ओट्यावर घ्या. पार्किंगच्या तोंडाशी उताराच्या जागी काढता-घालता येणारी लोखंडी फळी बसवून घेता येते. अंबाझरीचं पाणी ती थांबवणार नाही, पण सामान वर न्यायला अर्धा तास मिळेल, आणि चौकीदाराच्या मुलांना वर न्यायलाही. तो अर्धा तास त्या पहाटे कुणालाच मिळाला नव्हता, चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता.

असोसिएशनचं स्वतःचं बँक खातं आणि पॅन आहे का तेही बघा. तुमच्या पत्रावरून वाटतं की मेंटेनन्स एका सभासदाच्या खात्यात जमा होतो. तसं असेल तर सरकार, विमा कंपनी, न्यायालय, कुणाच्याच लेखी तुमची इमारत अस्तित्वात नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के वर्गणी सांगितली आहे. तुम्हाला ते बंधनकारक नाही, पण आकडा ठरवायला तोच धरा. सभेत आकड्यावरून भांडण होणार नाही.

आणि एक मागणी, जी एकट्या इमारतीने करून उपयोग नाही. तुमच्या लेआऊटमध्ये, डागा लेआऊटमध्ये, कॉर्पोरेशन कॉलनीत, नाग नदीच्या दोन्ही काठांवर तुमच्यासारख्या किती तरी फ्लॅट स्कीम आहेत. अंबाझरीचा सांडवा आणि नदीपात्रातले अडथळे यांचा प्रश्न नागरिकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला आणि त्यामुळे यंत्रणा हलली. सामाईक मालमत्तेचा प्रश्न मात्र कुणी मांडलेला माझ्या कानावर आलेला नाही. दहा इमारतींच्या सचिवांनी मिळून एक निवेदन करा: पंचनाम्याच्या नमुन्यात «इमारतीचे सामाईक नुकसान» असा एक रकाना घाला. पैशाचं नंतर बोलू. ते जिल्हाधिकाऱ्यांना, मदत व पुनर्वसन विभागाला आणि तुमच्या आमदारांना द्या. रकाना तयार झाला तर पुढच्या पुरात निदान नुकसान मोजलं तरी जाईल.

सभेची नोटीस या आठवड्यातच काढा. विषय क्रमांक एक, तीन सभासदांच्या कर्जाचा ठराव. दोन, टक्केवारीप्रमाणे वाटणी आणि हप्ते. तीन, विमा. चार, मीटरचं पॅनल वर नेणे. आणि रहिवाशांच्या रजिस्टरमध्ये बारा गाळ्यांच्या बारा नोंदींनंतर तेराव्या ओळीवर त्या पार्किंगमधल्या चार जणांची नावं तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहा.